कुंडीलाही वाफसा लागतो

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुदिना, कोथिंबीर, बेसिल, गवती चहा घरीच लावा, असे सांगणारा मजकूर पुरवण्यांमधून नेहमी छापून येतो. तो यावाच. पण त्यात एक ओळ ठरलेली असते : 'कुंडीत माती भरा, बी टाका आणि रोज पाणी घाला.' यातल्या पहिल्या दोन सूचना अपुऱ्या आहेत आणि तिसरी घातक आहे. घरातली स्वादाची रोपे तहानेने जेवढी जातात, त्याहून जास्त पाण्याने जातात. ती वाचवायची तर 'रोज पाणी' हा शब्दप्रयोग मजकुरातून काढावा लागेल, त्यासाठी हे पत्र.

शेती करणाऱ्याला वाफसा म्हणजे काय ते समजावावे लागत नाही. जमिनीतले जादा पाणी निचरून गेले, कणांभोवती ओल राहिली आणि कणांमधल्या पोकळीत हवा शिरली, की जमीन वाफशावर आली. मुळांना पाणी लागते तसा श्वासही लागतो. पोकळी पाण्यानेच भरून राहिली तर प्राणवायू मुळांपर्यंत पोहोचत नाही, कारण पाण्यातून तो हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. गुदमरलेले मूळ दुबळे होते आणि पिथियमसारखे कूज आणणारे जीव त्याचा ताबा घेतात. कुजलेले मूळ पाणी वर चढवू शकत नाही. मग पाने मान टाकतात, अगदी तहानलेल्या रोपासारखी. घरातले माणूस ते पाहून आणखी एक तांब्या ओतते आणि तिथेच रोप संपते.

मलूल रोप दिसले की आधी पाणी नव्हे, बोट घालावे. दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसून माती कोरडी लागली तर रोप तहानलेले आहे. पाणी दिल्यावर तासा-दोन तासांत ते उभे राहते. माती ओली लागली आणि पाने तरीही खाली असतील तर कुंडी आडवी करून, तळहाताचा आधार देत मातीचा गड्डा अलगद बाहेर काढावा. निरोगी जारवा, म्हणजे बारीक मुळांचे जाळे, पांढरा आणि टणक असतो. कुजलेले मूळ तपकिरी दिसते, आंबूस वास येतो, आणि चिमटीत धरून ओढले की वरची साल सुटून हातात येते, आत दोऱ्यासारखी शीर तेवढी उरते. असे थोडेच असेल तर तेवढी मुळे कात्रीने छाटावीत, वरचा पालाही एक तृतीयांश कमी करावा आणि कोरडसर नव्या मिश्रणात रोप बसवून सावलीत ठेवावे. निम्म्याहून जास्त मुळे गेली असतील तर रोपाच्या मागे न लागता शेंड्याची निरोगी काडी कापून नवे रोप करावे. काडीपासून रोप करायची रीत पुढे दिली आहे.

कुंडीच्या तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे घालावेत म्हणजे निचरा होतो, हा समज फार खोलवर रुजला आहे. प्रत्यक्षात उलटे घडते. बारीक कणांच्या मिश्रणातून पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. वरचे मिश्रण तळाशी पुरते भिजेपर्यंत ते तिथेच अडून राहते. म्हणजे कुंडीच्या बुडाशी राहणारा चिखलाचा थर खड्यांमुळे वर उचलला जातो आणि मुळांच्या आणखी जवळ येतो. याची खात्री भांडी घासायच्या स्पंजाने करता येते. लांबट स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरावा, ठिबकणे थांबू द्यावे. मग तोच स्पंज न दाबता उभा करावा. खालच्या टोकातून पुन्हा पाणी गळू लागते. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. म्हणून पसरट, उथळ कुंडीपेक्षा तेच मिश्रण भरलेली खोल कुंडी चांगली निचरते. खडे घालून आपण नेमकी तीच खोली कमी करतो. भोकातून माती वाहून जाऊ नये यासाठी जाळीचा एक तुकडा पुरे. भोके मात्र खरी असावीत : २० सेंटिमीटर रुंदीच्या कुंडीला पेन्सिल जाईल एवढी किमान चार-पाच. भोक नसलेल्या शोभेच्या कुंडीत थेट झाड लावू नये. लावलेली कुंडी तिच्यात ठेवता येईल, पण पाणी देताना बाहेर काढावी.

बागेतली नुसती माती कुंडीत बसते, दगडासारखी होते. ओल धरणाऱ्या रोपांसाठी ४ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), ३ भाग पूर्ण कुजलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि ३ भाग पर्लाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) किंवा जाड वाळू घ्यावी. वाळू धुतलेली, साखरेच्या दाण्याएवढी किंवा त्याहून जाड हवी. बारीक वाळू पोकळ्या बुजवते, ती नसलेली बरी. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट भिजून सुमारे ८ लिटर होते. त्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात, तेव्हा भिजवल्यावर दोन-तीन पाण्यांत धुऊन पिळून घ्यावी. न धुतलेल्या कोकोपीटमधली कोवळी रोपे पानांच्या कडांकडून करपतात आणि दोष उन्हाला दिला जातो. कंपोस्टला ओल्या मातीचा वास यावा. नाकाला झोंबणारा वास येत असेल किंवा हाताला ऊब लागत असेल तर ते अजून तयार झालेले नाही. मिश्रण मुठीत दाबले की गोळा व्हावा, एखादाच थेंब निघावा, आणि बोटाने टोचल्यावर गोळा फुटावा.

पाणी कधी द्यायचे हे दिनदर्शिका ठरवत नाही. कुंडी दोन्ही हातांनी उचलून पाहण्याची सवय सर्वांत खात्रीची. भरपूर पाणी दिल्यावर एकदा वजन हाताला कळू द्यावे, मग जवळजवळ निम्मी हलकी लागली की पुन्हा द्यावे. द्यायचे तेव्हा मात्र पोटभर, तळातून बाहेर येईपर्यंत. रोज अर्धी वाटी घातल्याने वरचे बोटभर सतत ओले राहते, खालची मुळे कोरडी पडतात आणि नवी मुळे वरच्याच थरात गर्दी करतात. तळाच्या बशीत साचलेले पाणी अर्ध्या तासात ओतून टाकावे.

एकाच लांबट कुंडीत सहा प्रकारची रोपे शेजारी शेजारी लावलेली छायाचित्रे दिसायला गोड असतात. त्यातली निम्मी रोपे मरणार हे लावतानाच ठरलेले असते. पुदिना, कोथिंबीर, पार्स्ली, चाइव्हज आणि बेसिल यांना वाफशाची ओल सतत हवी. रोझमेरी, थाइम, ओरेगॅनो, सेज ही भूमध्य समुद्राच्या आसपासच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरची झाडे. त्यांना दोन पाण्यांच्या मध्ये वरचे तीन-चार सेंटिमीटर पूर्ण सुकावे लागते आणि मिश्रणात निम्मी जाड वाळू किंवा पर्लाइट लागते, कंपोस्ट फार तर पाचवा भाग. पानओवाही याच गटात धरावा. त्याची मांसल पाने स्वतःच पाणी साठवतात. (ओव्याचे दाणे या झाडाला येत नाहीत. दाण्यांचा ओवा कोथिंबिरीच्या कुळातला, पानओवा तुळशीच्या.) दोन्ही गट एका कुंडीत आले की एकाला पुरेल एवढे पाणी दुसऱ्याला मारते. पुदिना तर स्वतंत्रच हवा, कारण त्याचे धावरे, म्हणजे जमिनीलगत पसरत मुळे धरणारे दांडे, काही महिन्यांत शेजाऱ्यांची जागा खाऊन टाकतात.

आता कोथिंबीर. सर्वांत जास्त लावली जाते आणि सर्वांत जास्त निराशही करते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर. धण्याचा दाणा हे बी नसून फळ आहे, त्यात दोन बिया असतात. पोळपाटावर दाणे पसरून लाटणे अगदी हलक्या हाताने फिरवावे, दाणा दुभंगला पाहिजे, चुरा होता कामा नये. मग १२ तास पाण्यात भिजवावेत. २४ तासांपुढे ठेवले तर आंबतात. स्वयंपाकासाठी साठवलेले धणे जुने किंवा तापवलेले असू शकतात, म्हणून आधी उगवण तपासावी : २० अर्धुके ओल्या कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावीत. दोन आठवड्यांत १५ किंवा जास्त फुटली तर बी चांगले. १० फुटली तर पेरताना दीडपट-दुप्पट घ्यावे. पाचच फुटली तर ते बी स्वयंपाकाकडे परत द्यावे.

कुंडी किमान २० सेंटिमीटर खोल हवी, कारण कोथिंबिरीचे सोटमूळ सरळ खाली जाते. ते दुखावलेले तिला खपत नाही, म्हणून ट्रेमध्ये रोपे करून पुनर्लागण करू नये, जिथे वाढवायची तिथेच पेरावी. खोली १ सेंटिमीटर, दोन बियांत २ ते ३ सेंटिमीटर. उगवायला ८ ते १४ दिवस लागतात, थंडीत आणखी. या काळात वाफशाचा नियम थोडा बदलतो : वरचा थर एकदाही सुकता कामा नये. अंकुर फुटून पृष्ठभागाकडे येत असताना एक दुपार कोरडी गेली तरी तो जळतो, आणि वाट पाहणाऱ्याला वाटते की बीच खराब होते. कुंडीवर ओला कागद झाकावा, हिरवा ठिपका दिसताच त्याच दिवशी काढावा. एक दिवस उशीर झाला तरी रोपे लांबुडकी, पांढुरकी होतात. रोपांना पहिले खरे पान, म्हणजे कातरलेले पान, आले की ४-५ सेंटिमीटरवर विरळणी करावी. उपटू नये, शेजारच्या मुळांना धक्का बसतो. कात्रीने मातीलगत कापावे.

याच वयात रोपे एका रात्रीत मातीलगत बारीक होऊन आडवी पडतात. ही मर. दाट पेरणी, कोंदट हवा आणि सतत ओला पृष्ठभाग एकत्र आले की ती येते. एकदा सुरू झाल्यावर औषध शोधण्यात अर्थ नाही. पडलेला भाग मातीसकट चमच्याने काढावा, कुंडी मोकळ्या हवेत ठेवावी आणि पाणी खालून द्यावे : पसरट भांड्यात तीन-चार सेंटिमीटर पाणी घेऊन कुंडी २० मिनिटे ठेवावी, मग निथळू द्यावी. पुढच्या वेळी तेच मिश्रण पुन्हा वापरू नये.

पेरणीनंतर ३५ ते ४५ दिवसांत कोथिंबीर कापणीला येते. बाहेरच्या दांड्या बुडापासून घ्याव्यात, मधला कोंब सोडावा. तापमान २७-२८ अंशांच्या वर राहू लागले आणि दिवस मोठा झाला की ती फुलावर येते. नवी पाने शेपूसारखी बारीक यायला लागणे ही त्याची पहिली खूण. ती दिसली की कोणतेही खत, कोणतीही छाटणी तिला मागे आणत नाही. सगळा पाला लगेच कापून घ्यावा. हे रोप थोड्या दिवसांचेच आहे. सतत कोथिंबीर हवी तर एका मोठ्या कुंडीऐवजी तीन मध्यम कुंड्या घेऊन दर १५ ते २० दिवसांनी एकेक पेरणे, हाच मार्ग. एकदा लावून वर्षभर काढा, असे कोणी लिहीत असेल तर ते छापू नये.

पुदिना आणि बेसिल मात्र काडीपासून होतात. पुदिन्याच्या बाबतीत तर बियांच्या वाटेला जाऊच नये. पेपरमिंट हा पाण्यातला पुदिना (वॉटरमिंट) आणि स्पिअरमिंट यांचा संकर आहे, त्याला उगवणारे बी सहसा धरत नाही, आणि इतर पुदिन्यांचे बी मूळ झाडाचा स्वाद राखेलच असे नाही. फूल न आलेली, १० ते १२ सेंटिमीटरची काडी पेराच्या लगेच खाली कापावी, कारण मुळे पेरापाशी फुटतात. खालची पाने काढून दोन पेरे पाण्यात बुडतील अशी ठेवावी. एकही पान पाण्यात नको, ते कुजून पाणी नासवते. पाणी दोन दिवसांनी बदलावे. उजेड हवा, थेट ऊन नको. ७ ते १४ दिवसांत मुळे येतात. ती २-३ सेंटिमीटर झाली की लगेच मातीत लावावे. ग्लासात मुळांचा जटाभार होईपर्यंत थांबले तर पाण्यात वाढलेली ती मुळे मातीत रुळायला फार वेळ घेतात. लावल्यावर पहिले पाच-सहा दिवस सावली द्यावी. पुदिन्याची कुंडी खोल नसली तरी चालेल, पण रुंद हवी. वर्षातून एकदा गड्डा काढून, म्हातारे मधले झुडूप टाकून, कडेचे ताजे धावरे पुन्हा लावावेत. पानाच्या खालून नारिंगी पुटकुळ्या दिसल्या तर तो तांबेरा. सगळे दांडे मातीलगत कापून ते कचऱ्यात टाकावेत, कंपोस्टमध्ये नव्हे.

बेसिलची कापणी हीच त्याची वाढ. बहुतेक जण खालची मोठी पाने तोडतात आणि शेंडा 'वाढू द्यावा' म्हणून राखतात. खरे तर खालची मोठी पाने रोपाला पोसतात आणि शेंडा बाजूच्या डोळ्यांना दाबून धरतो. रोपाला पानांच्या चार जोड्या आल्या की दुसऱ्या जोडीच्या अर्धा सेंटिमीटर वर कापावे. नीट पाहिले तर त्या जोडीच्या बगलेत मोहरीएवढे दोन हिरवे ठिपके आधीच बसलेले दिसतात. आठवडाभरात त्यांच्या दोन फांद्या होतात. त्यांच्यावरही असेच कापले की चार. कळ्यांचा तुरा दिसताच खाली एक जोडी धरून खुडावा. तुळशीच्या मंजिऱ्यांचेही तेच. बेसिल १० अंशांखाली काळवंडते, म्हणून कापलेल्या काड्या शीतकपाटात न ठेवता पाण्याच्या ग्लासात बाहेरच ठेवाव्यात. पानांवर शिरांच्या मध्ये पिवळे पट्टे आणि त्याच जागी खाली राखाडी-जांभळी बुरशी दिसली तर तो केवडा नावाचा रोग. तो ओल्या पानांवर पसरतो, तेव्हा रोपावरून पाणी शिंपडणे बंद करावे आणि रोगट रोप हटवावे.

रोझमेरीचे बी सावकाश आणि विरळ उगवते, काडीच लावावी, मुळांना चार ते सहा आठवडे द्यावेत. आणि तिची छाटणी करताना पाने नसलेल्या जुन्या लाकडात कात्री घालू नये, तिथून सहसा फुटवा येत नाही. गवती चहाचे ठोंब मुळासकट वेगळे करून लावावे, कुंडी ३० सेंटिमीटरची. कढीपत्ता हे झाड आहे, रोप नव्हे. ताजे पिकलेले फळ सोलून बी लगेच पेरले तरच उगवते, वाळलेले बी मेलेले असते, आणि १५ सेंटिमीटरच्या कुंडीत ते वर्षानुवर्षे चार पानांवर बसून राहते.

उजेडाबद्दल डोळ्यावर विसंबू नये. आपला डोळा खोलीच्या अंधाराला सरावतो, झाड सरावत नाही. भरदुपारी जिथे कुंडी ठेवायची तिथे पांढरा कागद ठेवून त्याच्या ३० सेंटिमीटर वर हात धरावा. बोटांची सावली कडा स्पष्ट अशी पडली तर कोणतेही रोप चालेल. सावली पुसट पण हाताची आहे असे कळत असेल तर पुदिना आणि पार्स्ली तगतील. सावलीच उमटत नसेल तर तिथे फक्त दिवा लावूनच काही पिकेल : १५ ते २० वॉटचा पांढरा एलईडी, शेंड्यापासून २० ते २५ सेंटिमीटरवर, रोज १४ तास, कोथिंबिरीसाठी १२. पेरांमधले अंतर वाढत जाणे आणि रोप खिडकीकडे झुकणे ही उपासमारीची लक्षणे. त्यावर खत घालणे म्हणजे उपाशी माणसाला टॉनिक देणे. कमी उजेडात रोप पाणीही कमी पिते, तेव्हा तिथे पाण्याचा हात आणखी आखडावा.

खत थोडकेच. भरपूर नत्र दिलेला पाला मोठा, मऊ आणि बेचव होतो, आणि मावा (रस शोषणारे बारीक किडे) त्याच्यावर आधी बसतो. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत ओलाव्याच्या गटाला पुरते, रोझमेरीच्या गटाला वर्षातून दोनदा. मावा दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार धारेने पानांची खालची बाजू धुवावी, तीन दिवस लागोपाठ. तरीही राहिला तर १ लिटर कोमट पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि १-२ मिलिलिटर साधा द्रव साबण घुसळून, एका पानावर दिवसभर तपासून, मग संध्याकाळी फवारावे. कापायचे ते आधी कापून घ्यावे. मातीवर बारीक काळ्या माश्या उडत असतील तर तो औषधाचा प्रश्न नाही, वरचा थर सुकत नसल्याची ती तक्रार आहे. तीन-चार आठवडे वरचे ३ सेंटिमीटर कोरडे राहू दिले की त्यांची पिढी तुटते.

एक सूचना आरोग्याची, आणि ती चौकटीत छापावी अशी. ताजी पाने किंवा लसूण तेलात बुडवून ती बाटली ओट्यावर ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि ओल्या पानांबरोबर आलेले क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम हे जिवाणू तिथे विष तयार करू शकतात. त्याचा वास येत नाही, चव बदलत नाही. असे तेल शीतकपाटात ठेवून चार दिवसांत संपवावे, नाहीतर पाने तेलात कालवून बर्फाच्या साच्यात गोठवावीत. रंगीत लेप दिलेले बी हे बहुधा बुरशीनाशक लावलेले असते. ते अशा कुंडीत किंवा मोड आणण्यासाठी कधीही वापरू नये.

आपल्या पुरवणीत यापुढे कोणतेही रोप सुचवताना त्यासोबत कुंडीची खोली, उन्हाचे तास, पाणी देण्याआधी वरची माती किती सुकू द्यायची ते आणि रोपाचे आयुष्य किती, एवढ्या चार गोष्टी द्याव्यात. जागा दोन ओळींची लागेल. कोथिंबिरीच्या छायाचित्राखाली 'साठ-सत्तर दिवसांचे पीक' एवढे छापले तरी फुलावर आलेल्या कुंडीला पाणी घालत बसलेले वाचक ती रिकामी करून नवे धणे भिजत घालतील.

आपला,
एक वाचक